नेपच्यूनपलीकडचा ब्रह्मा

पेणच्या खारेपाटात किंवा रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या खाडीकाठी ज्याचे आयुष्य गेले, त्याला आकाशस्थ गोलांच्या आकर्षणाचा परिचय ग्रंथांतून करून घ्यावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधबंदिस्तीची कसोटी लागते आणि मधल्या तिथींना भांगाचे पाणी निमूटपणे येऊन जाते, हा हिशेब मिठागरावरच्या मजुरापासून तांडेलापर्यंत सर्वांना तोंडपाठ. चंद्र ढगांआड असला तरी भरती चुकत नाही. जे दिसत नाही त्याचेही ओढणे मोजता येते, हे तत्त्व श्रावणातल्या काळोख्या रात्रीही या मुलखातला माणूस बिनतक्रार मान्य करतो. आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत ज्या ज्या अज्ञात ग्रहाचा शोध घेतला गेला, त्यातील बहुतेक शोधांचा पाया याहून निराळा नाही.

तिथी अचूक मिळावी म्हणून ज्यांनी आयुष्ये वेचली, त्यांची परंपराही या जिल्ह्याला, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा म्हणत त्या प्रांताला, अपरिचित नाही. रोह्यापासून फार दूर नसलेल्या, पुढे जंजिरा संस्थानात मोडणाऱ्या नांदगावी गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला आणि त्रिकोणमितीतल्या ज्याचापांच्या किचकट आकडेमोडीवाचून ग्रह मांडण्याची त्याची सुलभ रीत पंचांगकर्त्यांनी शतकानुशतके चालवली. पुढे आकाश आणि पंचांग यांत अंतर पडू लागले, तेव्हा ते भरून काढण्यासाठी अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे पुढे सरसावले. त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० साली निघाली. त्याच्या चौदा वर्षे आधी, २३ सप्टेंबर १८४६ रोजी, बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले याने लव्हेर्ये याच्या गणितावरून दुर्बीण रोखली आणि सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. युरेनसच्या चालीतील थोड्याशा बिघाडावरून एक अख्खा ग्रह हुडकल्याची ती वार्ता इतकी दीपवणारी होती, की पुढील साठ-सत्तर वर्षे प्रत्येक बिघाडामागे कोणीतरी ग्रह दडलेला आहे असेच सर्वांना वाटू लागले. खुद्द लव्हेर्ये यानेच बुधाच्या गतीतील फरकासाठी ‘व्हल्कन’ कल्पिला. तो कधीच सापडला नाही आणि १९१५ साली आइन्स्टाइनच्या सिद्धांताने त्याची गरजही उरली नाही.

या वातावरणात आपले व्यंकटेश बापूजी केतकर येतात. १८५४ साली नरगुंदला जन्मलेला, शाळामास्तरकीवर उपजीविका करणारा हा गृहस्थ ‘ज्योतिर्गणितम्’, ‘केतकी ग्रहगणितम्’, ‘वैजयन्ती’ असे संस्कृत ग्रंथ लिहून पंचांगशुद्धीच्या वादात उतरला आणि दृक्प्रत्ययाला, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसते त्याला, आधार धरून गणेश दैवज्ञाची गादी बऱ्याच अंशी त्याने ताब्यात घेतली. पण मला त्यांचे कौतुक वाटते ते १९११ सालातील एका धाडसासाठी. त्या वर्षीच्या मे महिन्यात फ्रान्सच्या खगोलसंस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. युरेनसच्या बिघाडाकडे ते गेले नाहीत. गुरूचा आयो हा उपग्रह दोन फेऱ्या करतो तोवर युरोपाची एक होते, आणि युरोपाच्या दोन होतात तोवर गॅनिमीडची एक. लाप्लासने दाखवलेले हे प्रमाणबद्ध नाते दूरच्या ग्रहांनाही लागू असावे, असा त्यांचा कयास. त्यावरून ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे असा त्यांनी दिला.

इकडे ॲरिझोनात पर्सिव्हल लोवेल हा धनिक दुसऱ्याच मार्गाने त्याच प्रदेशाकडे निघाला होता. मंगळावर कालवे आहेत, ते कोणा बुद्धिमान जातीने पाण्याच्या दुष्काळात खोदले आहेत, असे त्याने पुस्तकेच्या पुस्तके लिहून सांगितले. आणि त्याच माणसाने युरेनसच्या गतीवरून पृथ्वीच्या सुमारे सातपट वस्तुमानाचा ‘क्ष’ ग्रह शोधण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली तो वारला. त्याने स्थापिलेल्या वेधशाळेत कॅन्ससच्या शेतकऱ्याचा मुलगा क्लाइड टॉम्बो याने जानेवारी १९३० मध्ये सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन तसबिरी ताडून पाहिल्या आणि १८ फेब्रुवारीला सरकलेला एक ठिपका पकडला. १३ मार्चला प्लूटोची द्वाही फिरली. ३ ऑगस्टला केतकर निवर्तले.

प्लूटोचे अंतर सरासरी ३९.४८ पट आणि प्रदक्षिणा सुमारे २४८ वर्षांची. आकडे इतके जवळचे, की ‘प्लूटोचे भाकीत मराठी माणसाने केले’ हे विधान आपल्याकडे पुनःपुन्हा छापले जाते. मला ते निखालस मान्य नाही. केतकरांनी ग्रह आकाशात कोठे शोधावा हे सांगितले नव्हते, आकडे नेमके कोणत्या पायऱ्यांनी काढले याचा पुरता उलगडा अभ्यासकांना झालेला नाही, आणि त्यांचा विष्णू तर कोणालाच भेटलेला नाही. मात्र लोवेलचा दावा याहून दुबळा ठरला. १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला तेव्हा प्लूटोचे वजन पृथ्वीच्या चारशेव्या हिश्श्याहूनही कमी निघाले. असा बारका गोल युरेनसला काय ओढणार? १९८९ साली व्हॉयेजर-२ ने नेपच्यूनचे वस्तुमान नव्याने मोजून दिले आणि १९९३ मध्ये ते हिशेबात धरताच मुळातला बिघाडच नाहीसा झाला. याउलट प्लूटो नेपच्यूनशी दोनास तीन या प्रमाणाने खरोखरच बांधलेला आहे. केतकरांचा आकडा योगायोगाने जुळला असेल. त्यांनी हात घातला तो धागा मात्र आकाशात होता.

२००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे प्लूटोचे ग्रहपद काढून घेण्यात आले. त्यावर जो शोक झाला तो मला कधी समजला नाही.

लोवेलने ज्यांच्या नावे मंगळावर कालवे कल्पिले, त्या परग्रहावरील जीवांविषयी मराठीत ज्यांनी अधिकाराने लिहिले ते कोल्हापूरचे जयंत नारळीकर. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह असंख्य घरी वाचला गेला. पण कथा लिहून ते थांबले नाहीत. त्यांच्या सहभागाने २००१ आणि २००५ साली हैदराबादहून फुगे सोडून एक्केचाळीस किलोमीटरपर्यंतची हवा गोळा करण्यात आली, हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांत ती तपासली गेली, आणि २००९ मध्ये जीवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यांतील एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे नाव मिळाले. हे जीव पृथ्वीबाहेरूनच आले असे सिद्ध झालेले नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगण्यात आले. लोवेलच्या कालव्यांपुढे हा संयम किती उठून दिसतो! मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. इतर ताऱ्यांभोवती पाच हजारांहून अधिक ग्रहांची नोंद आज झाली आहे. जीवसृष्टीचा खात्रीलायक दाखला एकाही ग्रहाच्या नावे जमा नाही.

२०१६ च्या जानेवारीत बॅटिगिन आणि ब्राऊन या खगोलशास्त्रज्ञांनी दूरच्या गोलांच्या कक्षा एकाच बाजूला कललेल्या पाहून ‘नवव्या ग्रहा’चे अनुमान मांडले, आणि दुर्बिणी पुन्हा कामास लागल्या. त्यांचे त्या पाहतील. पेण-रोह्याच्या वाचकाला माझे मागणे एवढेच, की पोटमाळ्यावरची जुनी पंचांगे, केतकीच्या पोथ्या आणि हाती लिहिलेली गणिताची बाडे गणपतीच्या निर्माल्याबरोबर खाडीत सोडू नयेत; गावच्या वाचनालयात आणून द्यावीत.