नाताळची भेट : एकाला एक, पण उपयोगाची

नाशिकच्या शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ सालची. येथील मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात आणि फराळाचे ताट शेजारीपाजारीही पोहोचते. देण्याची ही रीत मुळात साधी आहे. अलीकडे मात्र तिच्यावर भेटवस्तूंचा भार चढला आहे. दिवाळीतही चित्र वेगळे नसल्याने हा प्रश्न सर्वच घरांचा आहे.

थोडा हिशेब करून पाहा. बारा जणांच्या कुटुंबात प्रत्येकाने उरलेल्या अकरा जणांना भेट द्यायची ठरवली, तर १३२ वस्तू होतात. त्यांतील कित्येक कपाटात पडून राहतात. या खर्चाची सर्वाधिक झळ ठरावीक निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आजी-आजोबांना बसते. नातवंडांपुढे हात आखडता दिसू नये म्हणून काही ज्येष्ठ रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात, चष्मा बदलणे पुढे ढकलतात. हे कोणी आपणहून सांगत नाही. दवाखान्यात विचारले, तरच कळते. गोळ्यांत असा खंड पडल्यास रक्तदाब वाढून पक्षाघाताचा धोका निर्माण होतो. या किमतीची भेट कोणत्या नातवाला हवी असेल?

यावर सोपा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, उपासनेहून परतल्यावर, सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला जे नाव येईल, त्याने त्या एकाच व्यक्तीला भेट द्यावी. १३२ ऐवजी १२ भेटी झाल्या आणि कोणीही रिकाम्या हाती राहिले नाही. खर्चाची मर्यादा घरातील सर्वांत कमी उत्पन्नाच्या माणसाला पेलेल अशीच असावी.

चिठ्ठीत ज्येष्ठाचे नाव आले, तर प्रथम त्यांची गरज विचारावी. न्हाणीघरात भिंतीला पक्का बसवलेला आधारदांडा किंवा न घसरणाऱ्या तळव्यांच्या चपला शोभेच्या वस्तूंहून मोलाच्या ठरतात. रक्तदाबमापक घ्यायचा असेल, तर दंडावर बांधायचा घ्यावा आणि त्याचा पट्टा दंडाच्या घेराला बेताचा आहे ना, ते पाहावे. डिसेंबरातील नाशिकच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी देण्याचा मोह होतो. परंतु मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना तिने नकळत भाजते. त्यांना लोकरीचे मोजे द्यावेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांना सुक्या मेव्याचा डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. ‘साखरविरहित’ मिठाईतही मैदा आणि तूप असू शकते, हे मधुमेहींनी ध्यानात ठेवावे.

रुग्णाची अहोरात्र सेवा करणाऱ्या सुनेचे, मुलीचे किंवा पत्नीचे नाव आले, तर तिला वस्तू न देता एक पूर्ण दिवस द्यावा. त्या दिवशीची औषधे, जेवण आणि शुश्रूषा आपण सांभाळावी. औषधांच्या वेळा आदल्या दिवशीच लिहून घ्याव्यात, म्हणजे तिला निश्चिंत मनाने बाहेर पडता येईल.

आणि आजी-आजोबांनो, आपणही द्यावे. मात्र औषधांच्या पैशांना हात लावू नये. करंजीच्या सारणाचे प्रमाण स्वहस्ते लिहून द्यावे. जुन्या छायाचित्रांमागे माणसांची नावे लिहून ती नातवंडांच्या हाती सोपवावीत. ती नावे आज घरात कदाचित केवळ आपल्यालाच ठाऊक असतील.