दहशतवादाने बाधित परदेशी नागरिक आणि साहाय्याची व्यवस्था : मुंबई व पुणे येथील घटनांच्या संदर्भात

प्रस्तावना :
दि. २६ ते २९ नोव्हेंबर २००८ या काळात मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्यांत वीसहून अधिक परदेशी नागरिक होते. दि. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटात १७ जण मृत्युमुखी पडले. त्यांतही इटली, इराण, सुदान या देशांचे नागरिक होते. परक्या भूमीवर अशी आपत्ती ओढवलेल्या व्यक्तीची जबाबदारी यजमान देशाची की मायदेशाची, हा प्रश्न या घटनांनी पुढे आणला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

समस्येचे स्वरूप :
स्थानिक पीडिताभोवती नातलग, शेजारी व परिचित भाषा असते. परदेशी पीडिताला यांपैकी काहीच नसते. मृताची ओळख पटविणे, पार्थिव मायदेशी पाठविणे, जखमींवर उपचार, दुभाषा, हरवलेले पारपत्र या तातडीच्या गरजा होत. खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो आणि तोवर पीडित मायदेशी परतलेला असतो. त्यामुळे साहाय्य मध्येच खंडित होते.

आंतरराष्ट्रीय चौकट :
वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना करार, १९६३ मधील कलम ३७ नुसार परदेशी नागरिकाच्या मृत्यूची माहिती संबंधित वाणिज्य दूतावासाला विनाविलंब देणे यजमान देशावर बंधनकारक आहे. अज्ञान मुलासाठी पालक नेमण्याची गरज भासल्यास तेही कळवावे लागते. या तरतुदीचे मोल नरिमन हाऊसच्या घटनेवरून ध्यानात येते. तेथे आईवडील मारले गेलेल्या दोन वर्षांच्या इस्रायली बालकाला त्याच्या भारतीय दाईने बाहेर काढले. पुढे तीही त्याच्यासोबत इस्रायलला गेली.

मायदेशाची जबाबदारी :
काही देशांनी आपल्या नागरिकांसाठी कायदेशीर तरतुदी केल्या आहेत. फ्रान्सचा हमी निधी १९८६ पासून फ्रान्समधील परदेशी पीडितांना तसेच परदेशात बाधित झालेल्या फ्रेंच नागरिकांनाही भरपाई देतो. ब्रिटनने २०१२ मध्ये परदेशातील दहशतवादाने बाधित नागरिकांसाठी योजना लागू केली. ऑस्ट्रेलियाने २०१२ च्या कायद्याने कमाल ७५,००० डॉलरची तरतूद केली व मुंबई हल्ल्याचा तीत समावेश केला. भारताचा २००९ मध्ये स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी परदेशातील गरजू भारतीयांना तातडीचे उपचार व पार्थिव आणण्यासाठी मदत करतो. मात्र ही गरजेवर आधारलेली मदत आहे. ती हक्काची नुकसानभरपाई नव्हे.

भारतीय कायद्याची भूमिका :
राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये ‘नागरिक’ नव्हे, तर ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. चेअरमन, रेल्वे बोर्ड विरुद्ध चंद्रिमा दास (२०००) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारे एका बांगलादेशी महिलेला १० लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. ते प्रकरण दहशतवादाचे नव्हते. परंतु त्यातील तत्त्व येथेही लागू पडते. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ दि. ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आले. गुन्हेगाराचा शोध न लागल्यासही पीडिताला विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा त्यात होती. दि. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. हक्क आहे, परंतु मायदेशी परतलेल्या पीडिताला त्याची माहिती कोण देणार, ही खरी अडचण आहे.

निष्कर्ष :
यजमान देशाने तातडीची मदत, माहिती व न्याय द्यावा आणि मायदेशाने दीर्घकालीन पुनर्वसन करावे, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. त्यासाठी रुग्णालय, पोलीस, दूतावास व विधी सेवा प्राधिकरण यांना जोडणारा एकच संपर्क अधिकारी असणे आवश्यक आहे. मुरबाड-शहापूरसारख्या तालुक्यांतील विद्यार्थीही उद्या शिक्षण वा नोकरीसाठी परदेशी जातील. आपल्या भूमीवरील परक्यास आपण जे देऊ, तेच परभूमीवर आपल्या मुलांसाठी मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला मिळतो. या दृष्टीने हा विषय राज्यशास्त्र व विधी यांच्या अध्यापनात समाविष्ट होणे उचित ठरेल.