शपथेला मुदत नसते

28 ऑक्टोबर 2017, शनिवार. फोरचॅन या अमेरिकी संकेतस्थळावर कुणालाच आपलं नाव सांगावं लागत नाही. तिथे त्या दिवशी एका निनावी माणसाने चार-पाच ओळी टाकल्या. हिलरी क्लिंटन यांना परदेशी पळता येऊ नये याची तजवीज झाली आहे. सोमवारी, 30 तारखेला, त्यांच्या पासपोर्टवर खूण पडेल. दंगली उसळतील, नॅशनल गार्ड या राखीव दलाला बोलावणं जाईल. आणि शेवटी पडताळणीची सूचना: नॅशनल गार्डचा एखादा जवान गाठा आणि त्यालाच विचारा, 30 तारखेच्या ड्यूटीचा हुकूम आला आहे का?

ही शेवटची ओळ मला फार विलक्षण वाटते. लिहिणाऱ्याने कसोटी आपणहून दिली आणि साक्षीदार म्हणून निवडला तो गणवेशातला माणूस. सोमवार उजाडला आणि मावळला. अटक झाली नाही, दंगल झाली नाही, देशभर जवानांना बोलावणं गेलं नाही. पहिल्याच कसोटीत सगळं साफ खोटं ठरलं. तरीही तिथूनच ‘क्यू-अनॉन’ नावाचं ते अफाट प्रकरण उभं राहिलं, ज्याच्यापायी लोकांनी नोकऱ्या घालवल्या, लग्नं मोडली आणि काहींनी जीवही गमावला.

त्या निनावी माणसाने पुढे घेतलेलं नाव ‘क्यू’. हा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा एक परवाना आहे. अण्वस्त्रांची गुपितं ज्यांना हाताळावी लागतात त्यांना तो मिळतो. कुणाला कधी अटक होणार हे त्या परवान्याने कळायचं काही कारण नाही, पण अक्षराला वजन होतं. डिसेंबर 2020 पर्यंत या ‘क्यू’ने जवळपास 5,000 संदेश टाकले. त्यांची ठेवणच पाहण्यासारखी आहे. वर क्रमांक आणि वेळ, खाली तुटक ओळी. पूर्ण वाक्य क्वचित, प्रश्नच जास्त. अमुक माणूस अमुक दिवशी कुठे होता? जनरल मंडळींना तिथे का बोलावलं? मध्येच कंसात बंद केलेली आद्याक्षरं. लढाईच्या मैदानावरून वायरलेसवर निरोप यावा तसा एकूण नूर.

उत्तर कधीच दिलं जात नसे. ते वाचकांनी शोधायचं. संदेशांना ‘क्रम्ब्स’, म्हणजे पावाचा चुरा, म्हणत आणि तो वेचून त्यातून अर्थ ‘भाजणाऱ्यांना’ बेकर्स. शब्दकोडं सोडवताना शेवटचा शब्द सापडला की जो आनंद होतो, तोच आनंद इथे रोज वाटला जात होता. फरक एवढाच की या कोड्याला छापील उत्तर नव्हतं, त्यामुळे प्रत्येक उत्तर बरोबर ठरू शकत होतं. भाकीत फसलं तर शत्रूला चकवण्यासाठी मुद्दाम खोटी माहिती पेरावी लागते, हे स्पष्टीकरण तयार असायचं. आणि आपण स्वतः रात्रभर जागून जे शोधलं, त्यावर माणूस दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी घट्ट विश्वास ठेवतो.

पण या कथेचा नायक कोण, हे पाहिलं की खरी गंमत कळते. डोनाल्ड ट्रम्प हा चेहरा. नायक मात्र लष्कर. कथेप्रमाणे काही देशभक्त जनरलनीच ट्रम्प यांना निवडणुकीला उभं केलं. देश पोखरणाऱ्या बड्या मंडळींना एके दिवशी लष्करच पकडणार, ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगात नेणार, लष्करी न्यायालयात उभं करणार. त्या दिवसाचं नाव ‘वादळ’. 5 ऑक्टोबर 2017 ला व्हाइट हाउसमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या गराड्यात फोटो काढताना ट्रम्प वादळापूर्वीच्या शांततेबद्दल काहीतरी बोलून गेले होते, त्यावरून ते आलं. श्रद्धावंत स्वतःला ‘डिजिटल सोल्जर’ म्हणवू लागले.

आता हीच गोष्ट एका माजी सैनिकाच्या कानांनी ऐका. अमेरिकेत सक्तीची भरती 1973 मध्ये संपली. तेव्हापासून फौज आणि बाकीचा समाज यांतलं अंतर वाढतच गेलं. दरवर्षी सुमारे 2 लाख माणसं गणवेश उतरवून घरी येतात. काल काय करायचं, कुणाबरोबर, कशासाठी, सगळं ठरलेलं होतं. आज शेजाऱ्याला इराक नकाशावर दाखवता येत नाही. अशा माणसाला कुणीतरी सांगतं की मोहीम अजून चालू आहे, योजना आखलेली आहे, वर जाणते अधिकारी बसले आहेत, तू फक्त योजनेवर विश्वास ठेव आणि सोबत्यांची साथ सोडू नकोस. फौजेने जे जे दिलं होतं, ते ते या कथेत जसंच्या तसं परत मिळत होतं.

शिवाय शपथ आहेच. अमेरिकी सैनिक व्यक्तीशी किंवा पक्षाशी बांधिलकीची शपथ घेत नाही. देशाबाहेरच्या आणि देशातल्या सर्व शत्रूंपासून राज्यघटनेचं रक्षण करीन, असं तो म्हणतो. ‘देशातल्या’ हा भाग 1862 मधला, यादवी युद्ध पेटलेलं असतानाचा. त्या शपथेला मुदत नसते, असं माजी सैनिक अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान रास्त आहे. पण देशातला शत्रू कोण, हे शपथेत लिहिलेलं नाही. ती मोकळी जागा जो भरेल, त्याच्या हाती फार मोठी शक्ती येते. 2009 मध्ये स्ट्युअर्ट ऱ्होड्स या माजी छत्रीसैनिकाने ‘ओथ कीपर्स’ ही सशस्त्र संघटना काढली ती याच मोकळ्या जागेवर. 4 जुलै 2020 ला मायकल फ्लिन यांनी कुटुंबीयांसोबत हात वर करून शपथ घेतानाचा व्हिडिओ टाकला आणि शपथेच्या शेवटी क्यू-अनॉनची घोषणा जोडली. फ्लिन हे सेवानिवृत्त लेफ्टनंट जनरल, लष्करी गुप्तचर संस्थेचे एकेकाळचे प्रमुख. ज्या जनरलांची श्रद्धावंत वाट पाहत होते, त्यांच्यातलाच एक जणू समोर आला.

6 जानेवारी 2021 ला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसद भवनावर ट्रम्प समर्थकांचा जमाव चालून गेला. ॲश्ली बॅबिट ही 35 वर्षांची हवाई दलातली माजी सैनिक, इराक आणि अफगाणिस्तानात जाऊन आलेली. सेवेची शेवटची वर्षं तिने वॉशिंग्टनच्याच नॅशनल गार्डच्या हवाई शाखेत काढली होती. आदल्या दिवशी तिने लिहिलं होतं की वादळ आलं आहे. सभापतींच्या दालनाकडच्या दाराची काच फुटली, ती त्यातून आत शिरू लागली आणि पोलिसाच्या गोळीने मेली. तिच्याबद्दल वाचताना मला राग येत नाही, फार वाईट वाटतं. ज्या कथेने तिला रक्षणकर्ती म्हटलं, तिनेच तिला त्या दारापर्यंत नेलं.

त्याच दुपारी सव्वादोनच्या सुमारास, इमारतीच्या दुसऱ्या बाजूला, युजीन गुडमन हा पोलिस शिपाई एकटा जिना चढत मागे मागे सरकत होता. समोर जमाव आणि जमावाच्या अग्रभागी छातीवर मोठं ‘क्यू’ मिरवणारा आयोवाचा एक मजूर. श्रेय क्यूला मिळावं म्हणून आपण मुद्दाम पुढे राहिलो, असं त्याने नंतर तपास अधिकाऱ्यांना सांगितलं. आणि ही इमारत आपल्याला व्हाइट हाउस वाटली होती, असंही. जिन्याच्या माथ्यावर गुडमनने डावीकडे क्षणभर पाहिलं. सिनेटच्या सभागृहाची वाट तिकडेच होती आणि सिनेटर अजून आतच होते. त्याने समोरच्या माणसाला हलकासा धक्का दिला आणि उजवीकडे वळला. जमाव त्याच्या मागे गेला. गुडमन हा लष्कराच्या 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनमधून इराकमध्ये राहून आलेला. त्या जिन्यावर लष्कराचं स्वप्न पाहणारा होता तो कधीच फौजेत नव्हता. फौजी होता तो पोलिसाच्या वर्दीत.

आकडे काय सांगतात? अमेरिकेतल्या प्रौढांत माजी सैनिक साधारण 6 ते 7 टक्के. त्या दिवसाबद्दल आरोप झालेल्यांत मात्र 15 टक्क्यांच्या आसपास. यावरून माजी सैनिक सरसकट बहकलेले आहेत असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. 2023 मध्ये रँड या संशोधन संस्थेने माजी सैनिकांच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा उलटंच दिसलं: अतिरेकी गटांना असलेला त्यांचा पाठिंबा सर्वसाधारण जनतेपेक्षा जास्त नव्हता. मला याचा अर्थ असा लागतो की फौजी माणूस अशा कथांवर इतरांपेक्षा अधिक विश्वास ठेवत नाही, पण ज्या थोड्यांचा बसतो ते घरी बसत नाहीत. कृती करायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते.

म्हणून तर माजी सैनिकांवर बाहेरच्यांचा डोळा असतो. 2017 मध्ये क्रिस्टोफर गोल्डस्मिथ हा इराकमध्ये लढलेला तरुण ‘व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ या संस्थेत काम करत होता. संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह वापरणारं एक फेसबुक पान त्याला दिसलं. त्याचे अनुयायी जवळपास 2 लाख, खऱ्या संस्थेच्या पानापेक्षाही जास्त. तिथे एका स्मारकाच्या विटंबनेची जुनी बातमी थेट प्रक्षेपण म्हणून फिरवली जात होती आणि गुन्हेगारांना भोगायला लावावं का, असा प्रश्न वर झळकत होता. गोल्डस्मिथ धागा धरून मागे मागे गेला. पान चालत होतं बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातून. त्याच काळात सेंट पीटर्सबर्गच्या रशियन प्रचारयंत्रणेनेही अमेरिकी माजी सैनिकांच्या नावाने पानं चालवली होती. दूर परदेशात बसलेल्या माणसांना अमेरिकी फौजींच्या मनातली ठसठस अचूक सापडली होती, हे वाचून मी सुन्न झालो.

गोल्डस्मिथने पुढे अतिरेकी गटांत शिरून त्यांचे पुरावे गोळा करणारा माजी सैनिकांचाच एक गट उभा केला. नाव ठेवलं ‘टास्क फोर्स बटलर’. स्मेडली बटलर हे मरीन दलाचे मेजर जनरल, दोनदा मेडल ऑफ ऑनर मिळालेले. 1932 मध्ये बोनसच्या मागणीसाठी पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले, तेव्हा त्यांना धीर द्यायला ते गेले होते. सैनिक त्यांच्यावर जीव टाकत. पुढच्याच वर्षी रोख्यांच्या व्यवहारातला जेरल्ड मॅग्वायर त्यांच्याकडे येऊ लागला. बटलर यांच्या साक्षीप्रमाणे बेत असा होता की त्यांनी 5 लाख माजी सैनिक घेऊन राजधानीवर चालून जावं आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना नामधारी करून टाकावं. पैसा वॉल स्ट्रीटचे धनिक पुरवणार होते.

म्हणजे इथे कटाचीच गोष्ट होती आणि तिच्या मध्यभागी माजी सैनिकच होते. बटलर यांनी काय केलं ते पाहा. मॅग्वायरला बोलू दिलं. मग पॉल कॉमली फ्रेंच या वार्ताहराला त्याच्याकडे पाठवलं, म्हणजे ऐकणारे कान दोन होतील. नोव्हेंबर 1934 मध्ये संसदेच्या समितीपुढे स्वतःच्या नावानिशी, शपथेवर, कोण कधी कुठे भेटला आणि काय म्हणाला ते सांगितलं. फ्रेंच यांनीही साक्ष दिली. मॅग्वायरने सारं नाकारलं. वर्तमानपत्रांनी बटलर यांची थट्टा केली, पण फेब्रुवारी 1935 च्या अहवालात समितीने त्यांच्या साक्षीतल्या महत्त्वाच्या बाबींची खातरजमा झाल्याचं नोंदवलं. खटला कुणावरच भरला गेला नाही. साक्षीचे कागद आजही वाचता येतात, प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर आहे आणि उत्तर देणाऱ्याचं नाव आहे.