वेरूळच्या उघड्या चौकात एक दिवस

खानदेशातील अनेक कुटुंबांची वेरूळची सहल सोळाव्या लेण्यापाशी संपते. पिंप्राळ्याहून सकाळी निघालेली मंडळी दुपारपर्यंत कैलास पाहतात, उन्हे चढतात, मुले दमतात आणि गाडी घराकडे वळते. कैलासापासून सुमारे दीड किलोमीटर उत्तरेस, त्याच डोंगराच्या कड्यात, 30 ते 34 क्रमांकांची जैन लेणी आहेत. आपल्या समाजातील कित्येक घरांनी वेरूळ दोन-तीनदा पाहिले असेल, पण ही पाच लेणी राहून गेली असतील. म्हणून एक सूचना करावीशी वाटते: या वेळी सहल शेवटाकडून सुरू करावी.

पिंप्राळ्याहून पाचोरा, चाळीसगाव व कन्नडचा घाट या मार्गाने वेरूळ सुमारे दीडशे किलोमीटर आहे. पहाटे निघावे. मंगळवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. सोबत दशम्या, खाकरे, कोरडी चटणी आणि घरचे पाणी असले की कंदमुळाचा प्रश्न उरत नाही. परतीचा विचार करून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळही आधीच ठरवून ठेवता येते. लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्यामुळे सकाळी तेथील चौकांत सावली असते. लहान मुले व वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर ही सावली फार मोलाची.

वाटेतच मुलांना एक गोष्ट सांगावी. ज्या काळ्या मातीत आपल्याकडे कापूस पिकतो, ती माती ज्या खडकाच्या झिजेतून तयार झाली, त्याच जातीच्या बेसाल्ट खडकात वेरूळ कोरले आहे. कारागिरांनी येथे दगडावर दगड रचला नाही. डोंगराला वरून खाली कोरत नेले आणि नको तेवढा दगड काढून टाकला. एकदा तुटलेला भाग पुन्हा जोडण्याची सोय त्यांना नव्हती.

बत्तिसाव्या लेण्याला ‘इंद्रसभा’ म्हणतात. आत शिरताच उघड्या आकाशाखालचा चौक लागतो. मध्यभागी अखंड दगडातील छोटे मंदिर आहे, त्यात चारही दिशांना मुख असलेली जिनप्रतिमा आहे. जवळच अखंड पाषाणाचा हत्ती आहे आणि उंच मानस्तंभ आहे. मुलांना येथे नावे पाठ करायला लावण्यापेक्षा खुणा शोधायला सांगावे. हत्तीवर बसलेली भव्य आकृती कोणाची? पूर्वी तिला इंद्र समजले गेले आणि त्यावरून लेण्याला नाव पडले. अभ्यासक आता तिला यक्ष मानतात. सिंहावर, आंब्याच्या झाडाखाली, जवळ मूल घेऊन बसलेली कोण? ती अंबिका यक्षी. डोक्यावर नागफणा असलेले पार्श्वनाथ आणि अंगावर वेली चढलेले बाहुबली तर दहा वर्षांचे मूलही ओळखील.

पार्श्वनाथ आणि बाहुबली ही जोडी वेरूळच्या जैन लेण्यांत पुनःपुन्हा समोरासमोर भेटते. पार्श्वनाथांवर कमठ उपसर्ग करीत आहे आणि धरणेंद्राने फणा पसरून त्यांना आच्छादले आहे. समोर बाहुबली इतके निश्चल उभे आहेत की त्यांना झाड समजून वेलींनी वेढले आहे. एकीकडे बाहेरून आलेले वादळ, दुसरीकडे राज्य जिंकून ते सोडल्यानंतरचे मौन. दोघांचे उत्तर एकच, कायोत्सर्ग. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील आचार्य जिनसेन यांनी ‘आदिपुराणा’त बाहुबलींची कथा विस्ताराने सांगितली. ही लेणी त्याच सुमारास, नवव्या-दहाव्या शतकांत कोरली जात होती. श्रवणबेळगोळची 57 फुटी मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. वेरूळच्या शिल्पींनी हा विषय त्याआधीच हाती घेतला होता.

पाय साथ देत असतील, तर लेण्यांच्या वरच्या डोंगरावरील पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे. सोळा फूट उंचीच्या या पद्मासनस्थ मूर्तीच्या आसनावर शके 1156 चा, म्हणजे सुमारे 1234-35 सालचा लेख आहे. मूर्ती करविणाऱ्या चक्रेश्वर या श्रावकाचे नाव त्यात आहे. भरताने कैलास पर्वताला तीर्थ केले, तसे त्याने या चारणाद्रीला केले, असा त्याचा गौरव तेथे वाचायला मिळतो. एका गृहस्थाचे नाव दगडाने आठशे वर्षे सांभाळले आहे.

ते आता आपल्या हातांपासूनही सांभाळायला हवे. 1983 पासून वेरूळ जागतिक वारसा आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. नावे कोरणे वाईट, हे आपण मुलांना सांगतोच. पण भक्तीचाही स्पर्श येथे जपून व्हावा. चरणांना गंध लावणे, तेलाचा दिवा ठेवणे, प्रत्येक गुडघ्यावरून हात फिरविणे हे आपल्या मंदिरातील नित्यक्रमाला शोभते. तेथे पुजारी असतो, प्रक्षाळ असतो, जीर्णोद्धार होतो. येथे तेलाचा डाग आणि काजळी दगडातच राहते. छतांवर अजून जुन्या चित्रांचे अवशेष टिकून आहेत, त्यांना धूर सोसवत नाही.

मग दर्शन कसे घ्यावे? हात जोडून, थोडे दूर उभे राहून. बाहुबलींसमोर सर्वांनी मिळून पाच मिनिटे न बोलता, न हलता उभे राहावे. छायाचित्रे नंतर काढावीत. पहिल्या मिनिटाला मुले हसतील, दुसऱ्याला चुळबुळ करतील. पाचव्या मिनिटाला एखादे मूल विचारील, “हे इतके दिवस उभे कसे राहिले?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये. दुपारी कैलास आहेच. तोवर हा प्रश्न मुलांच्या मनात असू द्यावा.