शार्लटची मिरासी आसने

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो खेळ चेंडू हातात धरून आणि देहाला देह भिडवून खेळला जातो. आणि त्या खेळातील व्यावसायिक संघांची जी नॅशनल फुटबॉल लीग नावाची संस्था आहे, तिच्यात नव्या नगराचा प्रवेश होणे जुन्या काळी एखाद्या घराण्यास सनद मिळण्याइतके दुर्लभ आहे. विद्यमान संघांचे मालक एकत्र बसतात, अर्जदार नगराची लोकसंख्या, संपत्ती, क्रीडागाराचे नकाशे आणि भावी मालकाची ऐपत पारखतात आणि मगच कौल देतात. 1976 साली टँपा बे आणि सिअ‍ॅटल यांस प्रवेश मिळाल्यावर हे दार सतरा वर्षे बंद राहिले.

ते उघडावे म्हणून नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट या बँकांच्या शहराच्या वतीने 1987 साली उभे राहिलेले गृहस्थ म्हणजे जेरी रिचर्डसन. तरुणपणी ते बाल्टिमोर कोल्ट्स संघातून खेळले. 1959 च्या अजिंक्यपदाच्या सामन्यातून मिळालेला पैसा त्यांनी स्पार्टनबर्ग येथे हार्डीज या उपाहारगृहाची शाखा काढण्यात गुंतवला आणि त्यातूनच पुढे मोठा व्यवसाय उभारला. संघ एका शहराचा नव्हे, उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही कॅरोलायनांचा, हे त्यांनी आरंभापासून धरून ठेवले. संघाच्या 'कॅरोलायना पँथर्स' या नावात शार्लट नाही, कॅरोलायना आहे, ते त्याचमुळे. प्रतिस्पर्धी मात्र लहानसहान नव्हते: बाल्टिमोर, सेंट लुइस, मेम्फिस, जॅक्सनव्हिल.

खरा पेच पैशाचा होता, आणि तो ज्या युक्तीने सुटला तीच मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटते. क्रीडागार सरकारी तिजोरीतून बांधायचे नाही असे ठरल्यावर, अद्याप न उभारलेल्या क्रीडागारातील, अद्याप न मिळालेल्या संघाच्या सामन्यांची आसने लोकांस विकण्यात आली. म्हणजे तिकिटे नव्हे, तर दरसाल तिकीट घेण्याचा कायमचा हक्क, जो धारकास विकता यावा आणि वारसांस देता यावा. आपल्याकडील मिराशीचे स्मरण व्हावे असाच हा व्यवहार! सहाशेपासून चोपन्नशे डॉलरपर्यंत दर होते, आणि 1993 च्या उन्हाळ्यात असे चाळीस हजारांहून अधिक हक्क खपले. लोकांची भक्ती भाषणांतून सांगणे निराळे आणि धनादेशांच्या गठ्ठ्याने दाखवणे निराळे. मालकमंडळींपुढे दुसराच पुरावा चालतो.

तथापि, सारे खाजगी पैशावर झाले असे म्हणणे पूर्ण सत्य नव्हे. जमीन शहराची, आणि तिचे भाडे सालिना अवघा एक डॉलर. शिवाय तेथे गुड समॅरिटन नावाची वास्तू होती: 1891 सालचे ते रुग्णालय, वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या उपचारासाठी बांधलेले. क्रीडागारासाठी ते पाडले गेले. संघाच्या प्राप्तीचा आनंद कितीही मोठा असो, ही किंमत हिशेबात धरलीच पाहिजे.

26 ऑक्टोबर 1993 रोजी अठ्ठावीस मालकांनी एकमुखाने शार्लटला मान्यता दिली. जॅक्सनव्हिलचा क्रमांक महिनाभराने लागला. क्रीडागार तयार नसल्याने 1995 चा पहिला हंगाम दक्षिण कॅरोलायनातील क्लेमसन विद्यापीठाच्या मैदानावर गेला. पुढच्या वर्षी सुमारे बहात्तर हजार आसनांचे नवे घर उघडले, आणि त्याच हंगामात पँथर्स आपल्या गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले.

प्रवेशद्वारांशी काशाचे प्रचंड काळे पँथर दबा धरून बसलेले आहेत. येणाऱ्याची नजर साहजिकच त्यांच्या दातांकडे जाते. पण जरा वाकून चौथऱ्याकडे पाहावे, तर त्याच्या दगडी बाजूंवर नावांमागून नावे कोरलेली दिसतात. मैदानाचा पत्ता नसताना ज्यांनी तेथल्या आसनाचे पैसे भरले, त्या पहिल्या हक्कदारांची ती नावे.