विषाणूची साखर आणि टपरीवरचा वेगळा कप

पांढरकवड्याला हायवेवर ट्रक थांबतात तिथल्या टपरीपासून यवतमाळच्या लग्नाच्या पंगतीपर्यंत एक वाक्य मी ऐकत आलोय: "जंतू तो जंतू, कुठूनही शिरला तं झालंच समजा." मग एचआयव्ही असलेल्या माणसाचा कप वेगळा, ताट वेगळं. हे किती चुकीचं आहे, ते विषाणूच्या अंगावरच्या साखरेवरून कळतं.

डब्यातली साखर नव्हे. (गोड बंद करायचं का, असं एकानं विचारलंच. नाही हो.) एचआयव्हीच्या बाहेरच्या जीपी-१२० प्रथिनावर शर्करेच्या साखळ्यांचं दाट रान असतं, त्याचं जवळपास निम्मं वजन त्यांचंच. विषाणू त्या आपल्याच पेशीकडून चढवून घेतो, म्हणून शरीराला त्या परक्या वाटत नाहीत आणि प्रतिपिंडांना खालचं प्रथिन सहजी सापडत नाही.

मग जितकी साखर जास्त, तितका तो पसरायला पटाईत? उलट! २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात झांबियातल्या आठ जोडप्यांचा अभ्यास आला. विषाणू सी उपप्रकाराचा. भारतातही बहुतांश तोच. बाधित जोडीदाराच्या रक्तात विषाणूच्या नाना आवृत्त्या होत्या, पण नव्यानं बाधा झालेल्याकडे पोचलेल्या विषाणूच्या अंगावर साखळ्या कमी. बी उपप्रकारात मात्र असं दिसलं नाही, तेव्हा हा सरसकट नियम नव्हे. तरी शरीरसंबंधाची वाट चाळणीसारखी आहे, एवढं नक्की: बहुतेकदा एकच आवृत्ती पलीकडे जाते. रक्तातून थेट गेला की ती चाळणीच टळते. बाधित रक्त चढवलं तर शंभरात नव्वदांना लागण. दवाखान्यात बाधित सुई टोचली, तर हजारात तिघांना.

आता सांगा, कपातून वाट कुठली? लाळेतली प्रथिनंच विषाणूला अडवतात. डासाचं तर विचारूच नका, तरी दर पावसाळ्यात विचारतातच. विषाणूला चिकटायला लागतो तो सीडी-४ हा रेणू डासाच्या पेशींवर नसतो, विषाणू त्याच्या पोटात पचून जातो, आणि डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यालेलं रक्त नव्हे.

आई बाधित म्हणजे बाळ बाधितच? उपचाराविना शंभरात १५ ते ४५ बाळं, उपचारानं पाचाच्या आत.

औषधं परवडत नाहीत? सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, २००४ पासून मोफत आहे, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही. औषधं नियमित घेऊन विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. आणि तुम्ही कप वेगळा ठेवता!