काळोख छापणारा कोबायाशी

लाकडी ठशाने काळोख छापायचा कसा? आणि त्या काळोखातला दिव्याचा उजेड? हाताशी काय, तर रानचेरीची फळी, छिन्नी, पाण्यात कालवलेले रंग आणि कागदी तुतीच्या सालीपासून केलेला कागद. टोकियोच्या कोबायाशी कियोचिकाने १८७६ ते १८८१ या पाच वर्षांत आपल्या शहराची ९० हून अधिक छापचित्रे केली. त्यातली रात्रीची चित्रे पाहिली की अजूनही माणूस चक्रावतो.

कियोचिका १८४७ चा. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, एका किरकोळ अधिकाऱ्याचा मुलगा. १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली आणि हाही मालकापाठोपाठ शिझुओकाला गेला. १८७४ मध्ये परतला तेव्हा एदोचे टोकियो झाले होते, शिंबाशीहून योकोहामाला आगगाडी धावत होती आणि गिंझात विटांच्या इमारतींपुढे गॅसबत्त्या लागत होत्या. या नवलाईची चित्रे धडाधड खपत. काही चित्रकारांनी तर गाडी सुरू व्हायच्या आधीच ती रंगवून टाकली! परदेशी रासायनिक रंगांतला लाल त्यांत नुसता भडकतो. कियोचिका मात्र संध्याकाळ व्हायची वाट पाहतो.

काळोख छापण्याची करामत छापणाऱ्याच्या हातात असते. प्रत्येक रंगाची फळी वेगळी. कोपऱ्यातल्या खाचेत कागद बसवायचा, म्हणजे रंगावर रंग नेमका पडतो. फळीचा एक भाग ओला करून ब्रशने रंग असा ओढायचा की तो गडदाकडून फिक्याकडे विरत जाईल. मग कागद ठेवून बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासायचा. पुढच्या प्रतीसाठी पुन्हा पहिल्यापासून. उजेडाच्या जागी गडद रंगाची फळी कोरून काढलेली असते, म्हणून तिथे कोरा कागद किंवा फिका पिवळा तेवढा उरतो. म्हणजे दिवा लावायचा, तर छापायचा तो काळोखच.

१८८१ चे ‘शिंबाशी स्टेशन’ पाहा. पावसाळी रात्र, मागे स्टेशनच्या उजळलेल्या खिडक्या, पुढे छत्र्या आणि कंदील घेतलेली माणसे. चेहरे जवळपास दिसतच नाहीत. ओल्या जमिनीवर उजेडाचे पट्टे सांडलेले. माझ्या मते अख्ख्या मालिकेतले हे सर्वांत धीट चित्र, कारण त्यात नवलाईचा जयजयकार नाही आणि जुन्यासाठी रडगाणेही नाही.

तंतोतंत वास्तव मात्र इथे शोधू नये. १८७९ च्या ताकानावाच्या चित्रात धुरकट चंद्राखाली जाणारे इंजिन अमेरिकी धाटणीचे आहे. शिंबाशी-योकोहामा मार्गावरची इंजिने होती इंग्लंडहून आणलेली. चित्रातला समुद्रालगतचा मार्ग मात्र खरा. रुळांसाठी पाण्यात बांधलेल्या त्या बांधाचे अवशेष २०१९ मध्ये खोदकामात सापडले.

१८८१ च्या जानेवारीत टोकियोत मोठी आग लागली. कियोचिका ज्वाळांची रेखाटने करत फिरला आणि इकडे त्याचे स्वतःचे घर जळाले. त्याच वर्षी ही मालिका थांबली. पुढे १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धाने ठशांच्या धंद्याला शेवटची मोठी तेजी दिली. दहा वर्षांनी रशियाशी युद्ध झाले तेव्हा लोकांना छायाचित्रे हवी होती.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या आशियाई कला संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कियोचिकाच्या या मालिकेतली बरीच चित्रे फुकट पाहता येतात. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर, खिडक्यांच्या कडा दिसतील इतकी मोठी करून पाहा.